उसनीं पुस्तकें
(व्याख्यानाचा सारांश)



विद्या कुळावर अवलंबून असते कीं ती मिळण्याच्या सोयीवर ? आम्ही याचें उत्तर आज अरबी विद्येच्या इतिहासांतून देणार आहों.

इसवी सनाच्या आठव्या शतकांत कागद करण्याची चिनी कला समरकंदास आली, व त्याच शतकाच्या अखेरीस बगदादेंत कागद होऊं लागला. चिंध्या कुटाव्या, लगदा करावा, ताव काढावे, हें कारागिराचें काम. कातड्यापेक्षां कागद स्वस्त. म्हणून पुस्तकें वाढलीं आणि नकला करणारे, पुठ्ठे बांधणारे व विकणारे यांस पोटाचा धंदा मिळाला. पुस्तकांच्या धंद्यांतील इब्न अन्-नदीम यानें तर इ. स. ९८७ मध्यें अरबी ग्रंथांची मोठी यादीच केली.

बसऱ्याचा जाहिझ गरिबाचा पोर. लहानपणीं तो भाकरी व मासे विकी, आणि पुढें पुस्तकांचीं दुकानें रात्रीपुरतीं भाड्यानें घेऊन वाचीत बसे, असें सांगतात. तो अरबी भाषेचा थोर लेखक झाला.

पण भाडें तरी सर्वांनीं कोठून आणावें ? इ. स. १००५ मध्यें खलीफा हाकिम यानें कैरो येथें ज्ञानगृह उघडलें. तेथें लोकांस वाचण्याची व नकला करण्याची मोकळीक असे; कागद, लेखणी व शाई फुकट मिळे. गरिबाचें घोडें दौत-लेखणीपाशींच अडतें, हें तेथें ओळखलें होतें.

आतां याकूतची हकीकत ऐका. हा ग्रीक वंशाचा मुलगा गुलाम म्हणून बगदादेंत विकला गेला. माणसाची विक्री हें पापच. परंतु धन्यानें हिशोबासाठीं त्यास लिहिणें शिकविलें. सुटका झाल्यावर तो नकला करून पोट भरूं लागला. मर्व शहरीं त्यास दहा पुस्तकालयें आढळलीं. त्याच्या बिऱ्हाडीं एका वेळीं दोनशें पुस्तकें असत, तींही बहुधा अनामत रकमेवांचून ! त्यांतून त्यानें देशोदेशींच्या गांवांचा मोठा कोश रचला. इ. स. १२२१ मध्यें मोंगलांनीं मर्व उध्वस्त केलें. तेथील पुस्तकालयें गेलीं. पण याकूतच्या हातीं विश्वासानें दिलेल्या पुस्तकांतलें पुष्कळ ज्ञान त्याच्या कोशांत उरलें.

म्हणून आमचें सांगणें इतकेंच : पुस्तक पेटींत बंद ठेवणें म्हणजे बियाणें कणगींत कुजविणें होय. ज्याच्या घरीं पुस्तक असेल त्यानें तें शेजाऱ्याच्या मुलास द्यावें, आणि त्या मुलानें तें वाचून परत करावें. मुलगा कोणाचा, हें विचारूं नये. वाचलेंस काय, एवढेंच विचारावें.