नाताळगीतांच्या चाली आणि ल्यूटच्या वह्या

‘व्हॉट चाइल्ड इज धिस’ हे नाताळगीत तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलं असेल. शब्द विल्यम चॅटर्टन डिक्स यांचे, १८६५ सालचे. १८७१च्या इंग्रजी नाताळगीतसंग्रहात ते ‘ग्रीनस्लीव्ह्ज’च्या चालीवर छापले गेले. आपल्या नाट्यपदांच्या डोक्यावर ‘चाल’ असं लिहून जुन्या गाण्याचं नाव देत, तसाच हा प्रकार. पण ती चाल आली कुठून?

सप्टेंबर १५८०मध्ये लंडनच्या मुद्रकांच्या नोंदवहीत ‘ग्रीनस्लीव्ह्ज’ नावाचं गाणं पहिल्यांदा दिसतं. १५८४च्या एका संग्रहात त्याचे शब्द मिळतात, आणि ते एका झिडकारलेल्या प्रियकराचे आहेत. स्वर मात्र ना नोंदवहीत, ना संग्रहात. ते शोधायला ल्यूटवादकांच्या हस्तलिखित वह्या उघडाव्या लागतात. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातली विल्यम बॅलेटच्या नावाची वही त्यांतली एक. तिच्या बांधणीत मेरी बाळाला जोजवते आहे असं एक गीतही आहे.

ल्यूट म्हणजे अरबी ऊदचा युरोपीय वंशज. त्याची लिपी मला फार मोलाची वाटते, कारण ती स्वर लिहीतच नाही, बोटाची जागा लिहिते. सहा रेघा म्हणजे तारांच्या सहा जोड्या. रेघेवर ‘ए’ असेल तर मोकळी तार, ‘बी’ असेल तर पहिला पडदा. वर काढलेल्या झेंड्यांवरून लय कळते. त्या काळच्या गायकांच्या लिपीत स्वर कुठे चढवायचा, कुठे उतरवायचा हे पुष्कळदा गाणाऱ्याच्या समजुतीवर सोडलेलं असे. पडदा लिहून ठेवला की तसं सोडता येत नाही. ‘ग्रीनस्लीव्ह्ज’ आज कुणी शुद्ध धैवतानं गातं, कुणी कोमल धैवतानं. वहीवाल्यानं यातला कोणता घेतला, हे त्याच्या अक्षरांवरून चारशे वर्षांनंतरही वाचता येतं.

आता माझा मुख्य मुद्दा. या वह्या वाचताना वरच्या तारांपेक्षा खर्जाकडे कान द्या. कडव्याखाली खर्ज चालतो तो असा: सा, कोमल नी, सा, प, मग कोमल ग, कोमल नी, सा-प, सा. इटलीत याला ‘पासामेत्सो आंतिको’ म्हणत. ध्रुवपदाखाली तोच क्रम आहे, फक्त सुरुवात ‘सा’ऐवजी कोमल गंधारावर होते, आणि तेवढ्या बदलानं त्याचं नाव होतं ‘रोमानेस्का’. या खर्जांवर वादक आयत्या वेळी सुरावटी रचत. ‘ग्रीनस्लीव्ह्ज’ त्या मातीतून उगवलेली आहे, म्हणून तिचा एकच कर्ता शोधणं मला व्यर्थ वाटतं. ती आठव्या हेन्रीनं रचली ही दंतकथाही इथेच गळून पडते. तो १५४७मध्ये वारला, आणि ही इटालियन घडण इंग्लंडमध्ये रुजली ती त्यानंतर.

‘डिंग डाँग मेरिली’ची चाल १५८९च्या एका फ्रेंच नृत्यग्रंथातली आहे. ती ल्यूटची नव्हे, म्हणून आज बाजूला ठेवतो.

‘ला मोनिका’बद्दल मात्र बोललंच पाहिजे. मनाविरुद्ध जोगीण केलेल्या मुलीचं हे इटालियन गाणं. फ्रान्समध्ये त्याच चालीवर ‘यून जन फिएत’ झालं, तेही तशाच मुलीचं. ल्यूटवर आणि नृत्यांत ही चाल युरोपभर वाजत राहिली. जर्मनीत तिच्यावर प्रार्थनागीत बसलं. फ्रान्समध्ये शब्द पालटून ती कुमारी मेरीचं नाताळगीत झाली, आणि फ्रेंच संगीतकार शार्पांतिए यांनी ती नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सामध्ये घेतली. त्याआधीच ती समुद्रापार गेली होती. आजच्या कॅनडातल्या वेंडाट लोकांच्या भाषेत या चालीवर एक नाताळगीत आहे, आणि परंपरेनं ते जेझुइट धर्मगुरू झाँ द ब्रेबफ यांनी १६४२च्या सुमारास रचलं असं मानतात. १६४२मध्येच लंडनमध्ये छापलेल्या एका नाताळगीतांच्या पुस्तिकेत नव्या वर्षाचं एक गीत आहे. त्याची चाल दिली आहे ‘ग्रीनस्लीव्ह्ज’, डिक्स यांच्या जन्माच्या जवळजवळ दोनशे वर्षं आधी.