फिरत्या घरातला टीव्ही

राज्याचे कॅरॅव्हॅन धोरण २०२१ साली आले. आमच्याही गाडीत टीव्ही आहे. घरची छत्री एकदाच बसवतात; गाडीची मात्र प्रत्येक मुक्कामी नव्याने लावावी लागते. गंगापूर धरणाकाठी चित्र गेले, तर आधी आकाश पाहा. डीडी फ्री डिशचा उपग्रह नाशिकहून आग्नेयेस, क्षितिजापासून सुमारे ५७ अंश वर असतो. मध्ये आंब्याची फांदीही नको. मग केबलचे जोड तपासा. हादऱ्यांनी ते सैल होतात. टीव्हीला बॅटरी मात्र वेगळीच हवी. इंजिनच्या बॅटरीवर रात्रभर क्रिकेट पाहिले, तर ती उतरते. माझ्याबरोबर वयस्कर आई असते. अपरात्री दवाखाना गाठायचा झाला, तर गाडी पहिल्याच चावीला सुरू व्हायला हवी.