तीस मीटरचं धुकं



हवामान खात्यातल्या माझ्या नोकरीची सुरुवातीची काही वर्षं उत्तरेकडच्या एका विमानतळावर गेली. डिसेंबर-जानेवारीत दाट धुकं पडलं की पहाटे जीपमधून धावपट्टीच्या कडेला जायचं, ठरलेल्या खुणेवर उभं राहायचं आणि दिवे मोजायचे, हे तेव्हाचं काम. कानटोपी, मफलर, हातमोजे, आणि तोंडाने एक, दोन, तीन. धावपट्टीच्या कडेचे दिवे ६०-६० मीटरवर असतात. सात दिसले, तर साती सक बेचाळीस, म्हणजे ४२० मीटर. आठवा दिवा आहे की डोळ्यांना नुसता भास होतोय, असा प्रश्न पडला की सातच सांगायचे. तो आकडा वॉकीटॉकीवरून टॉवरला, टॉवरकडून वैमानिकाला. वरती घिरट्या घालणाऱ्या विमानातल्या दीडदोनशे माणसांचं उतरणं त्या घडीला माझ्या चष्म्यावर अवलंबून असायचं, आणि चष्म्यावर दव जमलेलं असायचं.

आज हे काम यंत्र करतं. त्याचं नाव ट्रान्समिसोमीटर. धावपट्टीच्या मधल्या रेषेपासून १२० मीटरच्या आत, माणसाच्या उंचीपेक्षा थोडं वर, साधारण अडीच मीटरवर, समोरासमोर दोन डोकी बसवलेली असतात. त्यांचे खांब मुद्दाम ठिसूळ बनवतात. चुकून विमानाचा पंख लागलाच, तर मोडायचं ते खांबाने, पंखाने नाही. एक डोकं प्रकाश सोडतं, दुसरं तो झेलतं. निघालेल्यापैकी किती पोचला, एवढंच हे यंत्र मोजतं. त्याला धुकं ठाऊक नाही, धूळ ठाऊक नाही आणि मुंबईची आषाढातली सरही ठाऊक नाही. वाटेत प्रकाश किती हरवला, तेवढंच त्याला कळतं.

ही कल्पना तशी जुनी. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत डग्लस आणि यंग या दोघांनी १९४० च्या दशकात विमानतळासाठी असं उपकरण तयार केलं. आपल्याकडे बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने, म्हणजे एनएएलने, देशी ट्रान्समिसोमीटर बनवला आणि त्याचं नाव ठेवलं ‘दृष्टी’. सरकारी नावांत इतकं नेमकं नाव क्वचितच सापडतं.

आता थोडा हिशोब करू. समजा, दोन डोक्यांत ३० मीटर अंतर आहे. धुकं इतकं दाट की ५० मीटरपलीकडचं दिसत नाही; तेव्हा सोडलेल्या १०० भागांपैकी जेमतेम १७ भाग प्रकाश पलीकडे पोचतो. दृश्यता ३०० मीटर असेल, तर ७४ भाग पोचतात. आणि ३ किलोमीटर असेल, तर ९७. यातली मेख कळली का? हवा जितकी स्वच्छ, तितकं यंत्राला कमी काम दिसतं आणि तितकी त्याची चूक मोठी होते. काचेवर धूळ बसून एक टक्का प्रकाश अडला असं धरा. ३०० मीटरचे २९० होतील, त्याने कुणाचं काही अडत नाही. पण ३ किलोमीटरचे होतील सव्वादोन! एक टक्का धूळ पाऊण किलोमीटर गिळून बसते. म्हणून या काचांपुढे पंखे असतात, हीटर असतात, आणि तरीही फडकं घेऊन जाणारा माणूस लागतोच. यंत्राचा काटा जुळवायचा तोही लख्ख दिवशी, धुक्यात नाही.

पण नुसता प्रकाश मोजून वैमानिकाला उत्तर मिळत नाही. त्याचा प्रश्न वेगळा असतो : मला धावपट्टीवरच्या खुणा किंवा दिवे किती अंतरापर्यंत दिसतील? या अंतराला विमानतळावर सगळे आरव्हीआर म्हणतात. मराठीत ‘धावपट्टी दृश्यपल्ला’ म्हणता येईल, पण टॉवरमध्ये तसं म्हणालात तर समोरचा आधी तुमच्याकडेच बघेल. हा आरव्हीआर काढायला तीन गोष्टी लागतात : हवेने किती प्रकाश खाल्ला, आजूबाजूला उजेड किती आहे, आणि धावपट्टीचे दिवे किती तेजावर लावलेत.

मला यातली सगळ्यात गमतीची गोष्ट हीच वाटते. धुकं तेच, पण रात्री आकडा मोठा येतो, कारण काळोखात दिवा लांबून दिसतो. उजाडलं की तेच धुकं दुधासारखं पांढरं होतं, दिवे त्यात विरघळतात आणि आकडा खाली येतो. टॉवरमधल्या माणसाने दिवे एक पायरी वाढवले की आकडा पुन्हा वर. हवेत काडीचा फरक नाही आणि आरव्हीआर मात्र वाढला! नवीन पोरांना हे सांगितलं की ती म्हणायची, ‘साहेब, ही तर फसवणूक झाली.’ फसवणूक कसली? यंत्र धुक्याची जाडी सांगत नाही. धावपट्टीच्या मधल्या रेषेवर आहे असं धरलेल्या एका वैमानिकाच्या डोळ्याला काय दिसेल, याचा ते अंदाज बांधतं. त्या वैमानिकाचा डोळा जमिनीपासून साधारण ५ मीटर उंच धरलेला असतो.

आणि तो डोळा वर आकाशात असेल, तर? जमिनीलगत पातळ धुकं पसरलेलं असलं, की वरून सरळ खाली बघणाऱ्याला अख्खी धावपट्टी रांगोळीसारखी स्वच्छ दिसते. वैमानिकाला वाटतं, हे खालचे लोक उगाच ३५० मीटर, ३५० मीटर करतायत. मग चाकं टेकायच्या बेताला तो त्या थरात शिरतो आणि समोरचं सगळं पुसलं जातं. तिरप्या नजरेचं हे अंतर आपली यंत्रं मोजत नाहीत. ती आडवंच बघतात.

धुकं सगळीकडे सारखंही नसतं. १९७७ च्या मार्चमध्ये तेनेरीफ बेटावर दोन जम्बो जेट एकाच धावपट्टीवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. तिथे डोंगरावरून ढगांचे पुंजके धावपट्टीवर सरकत होते, दोन्ही विमानं एकमेकांना दिसत नव्हती, आणि जमिनीवरचं रडारही नव्हतं. धुकं असं जागोजागी बदलतं, म्हणून मोठ्या विमानतळांवर तीन जागी यंत्रं असतात : टेकायच्या ठिकाणी, मध्यावर आणि शेवटाला. एकाच धावपट्टीवर ३५०, १२५ आणि ६०० असे तीन आकडे एका वेळी मी स्वतः पाहिलेत.

हे आकडे लागतात ते परवानगीसाठी. साध्या पद्धतीच्या उपकरण-उतरणीला, म्हणजे कॅट वनला, ५५० मीटर हवेत. कॅट टूला ३००. दिल्लीत कॅट थ्री-बीची सोय आहे, तिथे ५० मीटरवरही उतरता येतं, पण विमान आणि वैमानिक दोन्ही तशा तयारीचे हवेत. म्हणून एकाच पहाटे एक विमान उतरतं आणि दुसरं जयपूरला वळवलं जातं. प्रवासी मात्र भांडतो तो काउंटरवरच्या मुलीशी.

दिल्लीच्या धुक्याचा अभ्यास आपल्या पुण्यातून चालतो, हे फारसं कुणाला माहीत नसतं. पाषाणच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने, आयआयटीएमने, २०१५ च्या हिवाळ्यापासून दिल्ली विमानतळावरच उपकरणं मांडून हे धुकं कसं जमतं आणि कसं विरतं ते तपासायला घेतलं. आणि वर्तमानपत्रात ‘दृश्यता शून्य’ असा मथळा आला, तर घाबरू नका. आमच्या भाषेत शून्य म्हणजे ५० मीटरपेक्षा कमी. स्वतःचे बूट दिसत असतात.

एक आठवण सांगतो. एका रात्री चांदणं होतं, धुक्याचा मागमूस नाही, आणि मधलं यंत्र अडून बसलं : ८००, ७५०, ८००. दोन्ही टोकांची यंत्रं २००० च्या वर. टॉवरमधून फोनवर फोन. शेवटी मीच बॅटरी घेऊन गेलो. प्रकाश झेलणाऱ्या डोक्याच्या तोंडाशी, झडपेच्या आत, कोळ्याने जाळं विणलं होतं, आणि जाळ्यावर दव. धाग्याधाग्यावर मोत्यांचे सर लटकावेत तसं. बॅटरीच्या उजेडात दोन मिनिटं बघत राहिलो, मग रुमालाने पुसलं. वॉकीटॉकीवर टॉवरवाला म्हणाला, ‘दोन हजारच्या वर गेलं. काय केलंत?’ मी म्हणालो, ‘धुकं पुसलं.’