तार डोक्यावरून जाते
(वस्तीतल्या युवक मेळाव्यात केलेलं भाषण)



मला सांगितलं होतं, कविता वाच. आज मी कविता वाचणार नाही. आज विजेवर बोलणार आहे. मी गोदीत काम करतो, शिक्षण मॅट्रिक. मी काही इंजिनियर नाही. पण विजेचं बिल माझ्याही घरी येतं, आणि जो बिल भरतो त्याला बोलायचा हक्क आहे.

पेपरात मोठ्या टायपात बातम्या येतात. कंपनीची हजारो कोटींची गुंतवणूक. नव्या वाहिन्या. हरित ऊर्जा. आपण वाचतो आणि पान उलटतो, जणू हे दुसऱ्या कुणाच्या घरातलं लग्न आहे. माझं म्हणणं, पान उलटू नका. तीन प्रश्न विचारा. पैसा कुणाचा? जमीन कुणाची? आणि उजेड कुणाचा?

एक उदाहरण घेऊ. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवरनं महाराष्ट्र शासनाशी करार केला. भिवपुरीला १,००० मेगावॅट आणि शिरवट्याला १,८०० मेगावॅट, खर्च सुमारे १३,००० कोटी रुपये. काम काय, तर दुपारी सूर्याची वीज भरपूर असते तेव्हा खालचं पाणी पंपानं डोंगरावरच्या तलावात चढवायचं. संध्याकाळी शहर दिवे लावतं तेव्हा तेच पाणी खाली सोडायचं आणि त्यातून वीज काढायची. भिऱ्याला १५० मेगावॅटचा असा एक संच आधीपासूनच आहे.

काम वाईट आहे असं मी म्हणत नाही. कोळशाच्या धुराड्याखाली कोण राहतं ते ट्रॉम्बे-माहुलकडे बघा, मला सांगायची गरज नाही. वाहिन्यांचीही गरज आहे. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास सगळी मुंबई बंद पडली, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. बाहेरून वीज आणणाऱ्या तारा अपुऱ्या होत्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये अदानीच्या कंपनीची खारघर-विक्रोळी वाहिनी सुरू झाली, तिनं आणखी १,००० मेगावॅट शहरात येऊ शकते. हे व्हायलाच पाहिजे होतं. मी तारेच्या विरोधात नाही. तारेवर मालकी सांगणाऱ्याला मी हिशेब विचारतोय.

आता पहिला प्रश्न. पैसा कुणाचा?

वाहिनीचा हिशेब असा चालतो. १०० रुपयांची वाहिनी टाकली, तर नियमाप्रमाणे ७० रुपये कर्जाचे आणि ३० रुपये कंपनीचे धरतात. त्या ७० रुपयांचं व्याज बिलातून. तारेचा घसारा बिलातून. देखभाल बिलातून. आणि कंपनीच्या ३० रुपयांवर नफा, तोही बिलातूनच. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या २०१९ च्या नियमांत वाहिन्यांसाठी हा नफ्याचा मूळ दर १४ टक्के होता. म्हणजे वर्षाला ४ रुपये २० पैसे. तुमच्या आईनं बचत गटात टाकलेल्या पैशावर कुणी १४ टक्क्यांची हमी देतं का? धंद्यात जोखीम असते म्हणतात. इथली जोखीम बघा. तुमच्याआमच्या पंख्याच्या बटणावर ती उभी आहे.

तेव्हा गुंतवणूक हा शब्द ऐकला की टाळी वाजवू नका. कंपनी पैसा आगाऊ लावते, आपण तो फेडतो, आणि फेडून झाल्यावर तार कंपनीचीच राहते. गोदीत आमच्या टोळीनं ट्रान्सफॉर्मर उतरवले आहेत. क्रेन उचलते, पण स्लिंग बांधणारे हात माणसाचे असतात. त्या हाताची नोंद गुंतवणुकीत होत नाही.

दुसरा प्रश्न. जमीन कुणाची?

मुंबईला पाण्याची वीज आजची नाही. खोपोलीचं केंद्र १९१५ चं, भिवपुरीचं १९२२ चं, भिऱ्याचं १९२७ चं. तेव्हाही मालक टाटाच. पूर्वेकडं वाहणारं पाणी सह्याद्रीवर अडवलं आणि पश्चिमेला कोकणात पाडलं. त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. आपले आजे-पणजे त्याच गिरण्यांत राबले. आणि वर मावळात गावं पाण्याखाली गेली. १९२१ ला मुळशीचा सत्याग्रह झाला, सेनापती बापट आणि मावळे तुरुंगात गेले. तरी धरण झालंच. आपल्या कामाची गोष्ट पुढं आहे. पुष्कळ जमिनी कागदावर पुण्याच्या सावकारांच्या नावावर होत्या. त्यांनी मोबदला घेतला. कसणारं कूळ उठलं. ज्याचं नाव कुळातही नव्हतं, जो दुसऱ्याच्या बांधावर राबत होता, त्याला कुणी विचारलं असेल? उताऱ्यावर नाव नाही म्हणजे नुकसान नाही, हा सरकारी हिशेब तेव्हापासूनचा आहे.

तोच हिशेब आज गायरानावर चाललाय. २०२३ साली राज्यानं मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० आणली. शेतीला दिवसा वीज मिळावी, हेतू चांगला. खाजगी जमीनमालकानं जमीन दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं मिळतं. पण सरकारी जमीन आणि गायरानही या योजनेत जातं. गायरानावर कोण आहे? मराठवाड्यात जाऊन बघा. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला आणि १९६४ ला भूमिहीनांचा सत्याग्रह केला, लाखो माणसं तुरुंगात गेली, ती याच जमिनीसाठी. त्या लढ्याच्या रेट्यानं १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीय भूमिहीनांची अतिक्रमणं नियमित करण्याचा शासननिर्णय १९९१ ला निघाला. तरी किती जणांच्या हातात सातबारा आला? ज्याच्या नावावर जमीन आहे त्याला सव्वा लाख. ज्यानं दगड वेचून ती कसली त्याला नोटीस. सूर्य सगळ्यांचा आहे खरा, पण त्याच्याखालची जमीन सगळ्यांची नाही.

तिसरा प्रश्न. उजेड कुणाचा?

इथं माझ्या घरची गोष्ट सांगतो. गेल्या मे महिन्यात मी रात्रपाळी करून सकाळी आलो. आई दारात बसलेली, हातात पुठ्ठा, वारा घालतेय. माझी भाची तापानं फणफणलेली. मीटर काढून नेलं होतं. कारण काय, तर खोलीत आधी राहणाऱ्याची थकबाकी. ना चिठ्ठी, ना सूचना. मी कचेरीत गेलो, तिथला माणूस मान वर न करता बोलला, भरा आणि घेऊन जा. मी उसने काढून भरले. तीन रात्री आम्ही मेणबत्तीवर काढल्या. आमच्या छपरावरून जी तार जाते ना, तिच्यात त्या तिन्ही रात्री वीज होती. समोरच्या टॉवरची लिफ्ट चालू होती.

पुढं एका वकील मित्रानं २००३ चा वीज कायदा दाखवला. कलम ५६. पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय थकबाकीसाठी वीज तोडता येत नाही. मला हे माहीत नव्हतं. माझ्या अडाणीपणावर त्यांचा धंदा चालतो, हे मला त्या दिवशी कळलं. राग आला तो त्यांचा आला, त्याहून जास्त माझा आला.

आता बाबासाहेबांकडं येतो. आपण त्यांना घटनेचे शिल्पकार म्हणतो आणि फोटोला हार घालतो. १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, आणि वीज त्यांच्याच खात्यात होती. ऑक्टोबर १९४३ मध्ये वीज धोरणाच्या समितीपुढं अध्यक्ष म्हणून बोलताना वीज खाजगी असावी की सरकारी, हा प्रश्न त्यांनी सरळ टेबलावर ठेवला. मुबलक आणि स्वस्त विजेशिवाय या देशाचं दारिद्र्य हटणार नाही, हे त्यांनी मांडलं. १९४७ साली ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’मध्ये तर त्यांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत असंच लिहून दिलं. आणि आज? २०२१ ला बाबासाहेबांच्या नावानं जीवन प्रकाश योजना निघाली. अनुसूचित जातीजमातीच्या घराला ५०० रुपये अनामतीत जोडणी, तीही पाच हप्त्यांत. चांगलंय. पण त्या जागेवर मागची थकबाकी नको ही अट. जिथं अंधार आहे तिथंच तर थकबाकी आहे, भावांनो.

कुणी म्हणेल, महावितरण तर सरकारीच आहे, ते कुठं गरिबाची वीज तोडत नाही? तोडतं. म्हणून नुसती मालकी सरकारची असून भागत नाही. हिशेबाच्या टेबलावर आपला माणूस बसला पाहिजे.

ती जागा कायद्यात आहे. दर ठरवण्याआधी कंपनीला प्रस्ताव प्रसिद्ध करावा लागतो, लोकांच्या हरकती घ्याव्या लागतात. आयोग जाहीर सुनावणी घेतो. तिथं उद्योगवाले जातात, त्यांचे वकील जातात. वस्तीतून कोण जातं? म्हणून तीन कामं सांगतो. एक, पुढच्या सुनावणीला प्रत्येक वस्तीतून लेखी हरकत गेली पाहिजे, आणि बोलायला माणूस गेला पाहिजे. दोन, कलम ५६ मराठीत लिहून प्रत्येक मीटरपेटीवर चिकटवा. तीन, ज्याचं गाव आहे त्यानं गावी जाऊन गायरान कसणाऱ्यांची यादी करावी, पावत्या, पंचनामे, जे असेल ते गोळा करावं, सौरवाल्यांची मोजणी यायच्या आधी.

उद्या संध्याकाळी सातला माझ्या खोलीवर पहिली बैठक. हरकतीचा मसुदा मी लिहिलाय, चुका काढायला या. खोलीत आता लाईट आहे.

जय भीम.