निकड कळली की भाव पडतो

(जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



कापसाचा भाव सोडून हा माणूस मोबाईलबद्दल काय बोलतोय, असे काहींना वाटेल. पण विषय भावाचाच आहे.

खेडा खरेदीला व्यापारी येतो तेव्हा तो कापूस नंतर पाहतो. आधी तो घर पाहतो. घरात लग्न आहे का, कुणी दवाखान्यात आहे का, बँकेची नोटीस आली आहे का? तुमची निकड त्याला कळली की क्विंटलमागचा भाव उतरलाच. त्याने पुढे कुणाशी किती गाठींचा सौदा केला आहे, हे मात्र तुम्हाला कळत नाही. एकाला दोघांचे पत्ते दिसतात आणि दुसऱ्याला फक्त स्वतःचे, असा हा डाव आहे.

पूर्वी ही खबर काढायला दलालाला पारावर बसून चहा पाजावा लागे. आता ती यंत्रात साठते आणि बाहेर विकली जाते.

तुमच्यातल्या अनेकांची पोरे ठाणे, कल्याण, डोंबिवलीकडे कामाला आहेत. त्याच ठाण्यात जानेवारी २०१८ मध्ये शहर पोलिसांच्या गुन्हे शाखेने खाजगी गुप्तहेरांना पकडले. आरोप काय, तर लोकांचे सीडीआर, म्हणजे फोनच्या नोंदी, मिळवून विकणे. तपास वाढत गेला आणि यवतमाळच्या पोलीस दलातल्या एका शिपायालाही अटक झाली. अटक म्हणजे गुन्हा शाबीत नव्हे, ते कोर्टाचे काम. पण एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. पोलीस दलात या नोंदी कंपनीकडून मागवण्याचा अधिकार वरिष्ठ अधिकाऱ्यालाच, तोही तपासासाठी. तरीही त्या बाजारात आल्या. ज्यांच्या नोंदी विकल्या गेल्या त्यांनी कुणालाही काही सांगितले नव्हते. कुलूप त्यांच्या घराचे तुटले नाही. माल गोदामातून गेला.

सीडीआरमध्ये तुमचे बोलणे नसते. कुणाला फोन केला, कधी, किती वेळ, आणि त्या वेळी फोन कोणत्या टॉवरखाली होता, एवढेच असते. तुम्ही म्हणाल, मग त्यात काय आहे? समजा, एका शेतकऱ्याने आठवड्यात कृषी सेवा केंद्राला चार फोन केले, सावकाराला रात्री दहाला एक केला, आणि नंतरचे तीन दिवस त्याचा फोन जिल्ह्याच्या इस्पितळाजवळच्या टॉवरखाली राहिला. आता त्याला काही विचारायची गरज उरली का? एक शब्द न ऐकता त्याची सगळी निकड कळली.

काही जण म्हणतात, आम्ही काय चोर आहोत, आमच्यापाशी लपवण्यासारखे काय? अहो, कर्ज ही काही चोरी नाही. पण कर्जाचा आकडा काय आपण बाजार समितीच्या फळ्यावर लिहितो? सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितले की खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे. तो गरिबालाही आहे.

माहिती हातात आली की तिची धमकीही करता येते. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले आणि सातशेहून जास्त पोरापोरींना ताब्यात घेतले. तिथून अमेरिकेतल्या लोकांना फोन जात : आम्ही आयकर खात्यातून बोलतो, पैसे भरा, नाहीतर अटक होईल. आज तसेच फोन आपल्याला येतात. समोरचा तुमचे नाव, गाव, बँक सांगतो, म्हणून तो खरा वाटतो. त्याला एवढे ठाऊक आहे म्हणजे तो साहेब आहे, असे समजू नका. त्याने यादी विकत घेतलेली असू शकते.

आता आपली यादी पाहा. ई-पीक पाहणी २०२१ पासून आली. एप्रिल २०२५ पासून राज्यातल्या शेती योजनांसाठी फार्मर आयडी सक्तीचा झाला. त्याच वर्षी हमीभावाने कापूस द्यायला कापूस महामंडळाचे 'कपास किसान' अ‍ॅप आले. जमीन, पीक, आधार, बँक खाते सगळे एका माळेत ओवले जात आहे. यात सोय आहे, हे मी नाकारत नाही. दलालाचा हात मधून निघत असेल तर बरेच आहे. पण २०२२ साली एका संशोधकाने दाखवून दिले की पीएम-किसानच्या संकेतस्थळाच्या एका भागातून शेतकऱ्यांचे आधार क्रमांक उघडे पडत होते. ती फट नंतर बुजवली. पण फट होती तोवर कोण डोकावून गेले, हे त्या शेतकऱ्यांना कुणी सांगितले?

कायदा २०२३ मध्ये झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य कलमांना त्यापुढे अठरा महिन्यांची मुदत दिली. माहिती घेताना ती कशासाठी घेतो हे मराठीतही वाचता आले पाहिजे, आणि ती फुटली तर ज्याची आहे त्याला कळवले पाहिजे, असे त्यात आहे. पण सरकारला स्वतःच्या खात्यांना त्यातून सूट देण्याची मुभाही आहे. म्हणजे सर्वांत मोठे गोदाम ज्याचे, त्यालाच हिशेबातून सुटायची वाट ठेवली आहे.

म्हणून आपली मागणी साधी आहे. माप झाल्यावर आपण पावती मागतो ना? तशी माहितीचीही पावती द्या. काय घेतले, कशासाठी घेतले, पुढे कुणाला दिले, हे मराठीत लिहून द्या. जिल्हा बैठकीचा ठराव हाच असावा.

तोवर आपल्या हातात आहे ते करा. ओटीपी कुणालाही सांगू नका, साहेब म्हणवणाऱ्यालाही नाही. योजनेच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली फाईल उघडू नका. आधारवर अंगठ्याने खात्यातून पैसे निघतात, म्हणून बोटांचे ठसे कुलूपबंद करून ठेवा. ही सोय आधारच्या अ‍ॅपमध्ये आहे. कागदाची झेरॉक्स द्याल तर तिच्यावर कशासाठी दिली ते आणि तारीख लिहा. पैसे गेलेच तर लाजून घरात बसू नका, लगेच १९३० वर फोन करा.

माल आपला असून भाव दुसऱ्याने ठरवला, हे आपण पिढ्यान् पिढ्या भोगले. आता आपली खबरही माल झाली आहे. तिचे माप तरी आपल्यासमोर होऊ द्या.