रक्तदाबाची गोळी

(वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



आजच्या आनंदाच्या दिवशी औषधपाण्याचा विषय काढलेला पाहून कुणाला नवल वाटेल. पण जिने पुष्कळ वर्षे रुग्णालयात परिचारिकेचे काम केले, तिने दुसरे काय बोलावे? शिवाय रोज रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या भगिनी आपल्यात थोड्याथोडक्या नाहीत.

रक्तदाब हे अबोल दुखणे आहे. बहुधा ते दुखत नाही, खुपत नाही. म्हणूनच ‘आता बरे वाटते, मग गोळी कशाला?’ असे मनात येते. अर्धांगवायू झालेल्या रोग्यांच्या घरच्या माणसांकडून मी कितीदा तरी ऐकले आहे, “चांगल्या हिंडत-फिरत होत्या, म्हणून औषध थांबवले होते.” गोळी चालू असते म्हणून दाब ताब्यात असतो. ती थांबली की तो पुन्हा चढतो, आणि तेही न सांगता. एटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारखी औषधे तर एकदम तोडली असता हृदयाला अपाय होऊ शकतो. तेव्हा गोळी बंद करणे, कमी करणे वा बदलणे हे डॉक्टरांनीच ठरवावे.

गोळीची वेळ एकच ठेवावी. एखादे दिवशी विसरलो, तर आठवताच घ्यावी. पण पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल, तर चुकलेली सोडून द्यावी. दोन गोळ्या एकदम कधीही घेऊ नयेत. ॲम्लोडिपिनने काहींच्या पायांवर सूज येते. तसे झाल्यास डॉक्टरांना सांगावे, पट्टी फेकून देऊ नये.

गुडघे धरले की आपण दुकानातून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक आणतो. या वेदनाशामक गोळ्यांनी दाब वाढू शकतो, आणि रक्तदाबाच्या काही औषधांबरोबर त्या घेतल्यास मूत्रपिंडांनाही इजा पोचू शकते. विचारल्यावाचून त्या घेऊ नयेत.

शेजारणीला लोणच्याची वाटी द्यावी, गोळ्यांची पट्टी देऊ नये. तिला मानवलेले औषध आपल्याला मानवेलच असे नाही. घरात लेकी-सुना आहेत. टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल ही औषधे गरोदरपणी वर्ज्य आहेत. ही औषधे घेणाऱ्यांनी पोटॅशियमयुक्त ‘कमी सोडियमचे’ मीठही डॉक्टरांना विचारूनच वापरावे. आणि सैंधव म्हणजेही मीठच, हे उपवासाच्या दिवशी विसरू नये.

झाडपाल्याने काय बिघडते, असेही कुणी म्हणते. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेच्या रक्तदाबावरील गुणाविषयी ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निबंध लिहिला, तेव्हा साऱ्या जगाचे लक्ष या आपल्या वनस्पतीकडे गेले. पण तिच्यापासून काढलेल्या औषधाने काही रोग्यांना खिन्नता येते, हेही पुढे दिसून आले. ज्याला गुण आहे, त्याला अवगुणही असू शकतो. तेव्हा काढा, चूर्ण जे घेत असाल, ते डॉक्टरांपासून लपवू नका.

हरतालिकेचा निर्जळी उपवास असो वा जुलाब-वांत्या होत असोत, त्या दिवसांत गोळी कशी घ्यायची, विशेषतः लघवी वाढवणारी, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे. उपवासाचे तर आधीच विचारता येते. दाब मोजण्यापूर्वी पाच मिनिटे स्वस्थ बसावे, आणि आकडे तारखेनिशी वहीत टिपून डॉक्टरांना दाखवावे. वाण्याची वही आपण ठेवतोच, ही एक आणखी!

भगिनींनो, यजमानांची आणि सासूबाईंची औषधे आपण घड्याळ पाहून देतो. आपली गोळी मात्र ‘कामे आटोपल्यावर’ म्हणून राहून जाते. तीही त्याच घड्याळावर घ्या, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेते.