मनाच्या आजारावर गावाजवळच उपचार
(शेतकरी मेळाव्यातील व्याख्यान)



मी कृषिविद्येचा प्राध्यापक. पण आज पिकाविषयी नव्हे, पिकवणाऱ्याविषयी बोलणार आहे.

मन खचलेला माणूस आरोग्य केंद्रात जातो आणि अंगदुखी, झोप नाही एवढेच सांगतो. गोळ्या घेऊन परततो. मूळ आजार तसाच राहतो. प्रशिक्षण घेतलेले डॉक्टर मात्र पुढचा प्रश्न विचारतात. मानसोपचारतज्ज्ञ थोडे आणि तेही शहरात. म्हणून आरोग्य केंद्रातील डॉक्टर, परिचारिका व आशाताई यांना हे शिक्षण मिळणे महत्त्वाचे आहे.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली आला. कर्नाटकातील बल्लारी जिल्ह्याच्या अनुभवावरून १९९६ पासून जिल्हावार काम सुरू झाले. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने स्थानिक कार्यकर्ते तयार केले. तेथे नैराश्याच्या शंभर रुग्णांपैकी जेमतेम ४ जण मदत घेत असत. १८ महिन्यांनी ही संख्या २७ वर गेली.

आपण काय करावे?

१) दोन आठवडे उदास वाटणे, कामात मन न लागणे, झोप-भूक कमी होणे, जगणे नकोसे वाटणे ही लक्षणे दिसताच आरोग्य केंद्रात जावे व मनातले स्पष्ट सांगावे.

२) बरे वाटले तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध बंद करू नये.

३) कीटकनाशके कुलपात ठेवावीत.

४) ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत सल्ला मिळतो.

पिकावरील रोग आपण लपवत नाही. मग मनाचा आजार तरी का लपवावा?